लाइन धरून ठेवा

परवा रात्री साडेदहाला इंजेक्शन, घड्याळ लावून.
छत्तीस तासांनी दीप्तीबेन टेबलवर
आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून
माझ्या हातात येते एक नळी,
गुलाबीसर, तिच्याच अंगाइतकी कोमट.

बावीस वर्षं मी या खोलीत.
खाली जेतलपूर रोडवर रिक्षांचे हॉर्न,
इथे सदतीस अंश, अंधूक उजेड.
अत्तर नाही, पावडर नाही, दार आपटायचं नाही.

भिंगाखाली आधी नुसता ढग.
मग ढगात ठिपका.
"सात," मी मोजते. "आठ."
पलीकडून डॉक्टर विचारतात, "हजु छे?"
"छे. एक अजून."

दीप्तीबेन मकरपुऱ्याला बेअरिंगच्या कारखान्यात हिशेब बघतात.
वय एकोणचाळीस.
ठिपक्याचं वय त्याहून चार महिने जास्त.
हे मी सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाल्या,
"दर महिन्याला नवीन बनतं ना?"
नाही. सगळी आधीच बनली,
तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हा,
आणि अर्धं पाऊल उचलून तिथेच थांबली.
थोडा वेळ गप्प. मग हसल्या.
"म्हणजे मी दहावीला नापास झाले,
तेव्हा ही सगळी आत बसून बघत होती?"

माझी आई रावपुऱ्यात टेलिफोन एक्स्चेंजला होती.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत वायरी.
ट्रंक कॉल लागेपर्यंत म्हणायची, "चालु राखजो, साहेब."
मराठी आवाज असला तर, "लाइन धरून ठेवा."
पंचाहत्तरच्या थंडीत तिला पाचवा महिना.
रात्रपाळीत पोट बोर्डाला टेकायचं.
त्या पोटात मी वीतभर,
आणि माझ्यात साठ-सत्तर लाख.
इतके कॉल तिच्या बोर्डावर जन्मात आले नाहीत.
मी जगात येईपर्यंत त्यांतले बहुतेक कटले.
घंटा नाही, तक्रार नाही.
शाळेत गणवेशावर डाग पडला तेव्हा उरले होते तीनेक लाख.
पाळी शेवटी लागते ती जेमतेम चारशेंची.

आत गुणसूत्रांच्या जोड्या हात धरून उभ्या असतात.
वीस वर्षं धरवतो हात. तीसही.
चाळिशीकडे कुणाचा तरी सुटतो.
दीप्तीबेनना हे मी टक्क्यांत सांगितलं,
हातांचं बोलले नाही.

ढग धुऊन काढते. आता ती उघडी,
काचेच्या कड्यात गोल, दाणेदार,
आणि कडेला एक बारीक गोळी.
ती गोळी दिसली की लिहायचं: पक्व.
इतकी वर्षं अडलेली वाटणी परवाच्या इंजेक्शननं झाली.
कागद दोघींना सारखे मिळाले,
पण घर, धान्य, दागिने, सगळं एकीला.
दुसरी उंबऱ्याबाहेर.
मला तिच्याकडे बघवत नाही असं नाही.
तिच्याकडेच तर आधी बघायचं असतं.

माझी स्वतःची लाइन सात महिन्यांपूर्वी गेली.
आईला सांगितलं. तिला आता नीट ऐकू येत नाही.
"कोणाचा फोन?" म्हणाली.
मी म्हटलं, कोणाचा नाही.

नऊ मिळाली. सहा पक्व, पेन्सिलनं लिहिते.
दोन कोमेजलेली.
नववीच्या कडेला गोळी नाही,
तिचं पाऊल अजून अधांतरी.
नियमानं तिला संध्याकाळपर्यंत वेळ देता येतो.
पेटीत सरकवते. सगळ्यांत मागच्या कप्प्यात.
इथे बोलायचं नसतं,
तरी मास्कच्या आत पुटपुटते: चालु राखजो.

दार लावते. हळू.
बाहेर बाकावर दीप्तीबेनची आई डब्याचं झाकण उघडत-मिटत बसलीय.